तीनशे वर्षांनंतर

दोन्ही सुया टोचून झाल्या, नळ्यांमधून रक्त मशीनकडे निघालं, तसे शेजारच्या खाटेवरचे बापूजी नुसत्या मानेने वळले.

"आनलं का गा?"

"आनलं," धनराज म्हणाला.

"चवथाच ना? नाई तं पोरगी फिरून तिसराच देईन पाठवून."

"चवथाच हाये. पाहा."

डावा हात सुयांनी जखडलेला, म्हणून धनराजने उजव्या हाताने उशीखालचं पुस्तक ओढून काढलं आणि छातीवर उभं धरलं. पुठ्ठ्याचे कोपरे झिजलेले, पाठीला कोणीतरी कधीकाळी डिंकाने चिकटवलेली कापडी पट्टी. चित्रात वरपासून खालपर्यंत पाणीच पाणी, त्यात एक शिडाचं जहाज आणि वर दोन चंद्र. बापूजींना वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. चाराचा आकडा पाहून ते समाधानाने उताणे झाले.

"आधी मले बीपी घेऊ द्या," भाग्यश्री म्हणाली. डायलिसिसच्या या वॉर्डात मशीन लावण्या-काढण्याचं काम तिचं होतं. "मग काढा तुमच्या तावीले."

धनराज राजुऱ्याचा. कोळशाच्या खाणीत पंप खलाशी, म्हणजे खाणीच्या तळाला झिरपून साचणारं पाणी पंप लावून वर फेकायचं त्याचं काम. पंचेचाळिशीत किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा सकाळची पहिली बस धरायची, वर्धा नदीचा पूल ओलांडून चंद्रपूरला यायचं आणि दुपारपर्यंत या खाटेवर पडून राहायचं, असं चाललं होतं. बापूजी सिंदेवाहीकडच्या एका गावचे ढिवर. गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांचा मुलगा डोमा त्यांना रेल्वेने चंद्रपूरच्या चांदा फोर्ट स्टेशनवर उतरवायचा, इथे आणून निजवायचा आणि बाहेर व्हरांड्यात बसून राहायचा. बापूजींची डायलिसिसची पाळी असेल त्या दिवशी डोमाचं जाळं खुंटीवरच असायचं.

दोघांच्या खाटा शेजारीशेजारी पडल्या, त्याला दोन वर्षं होत आली होती. आधी आधी दोघं पाण्याबद्दलच बोलायचे. या आजारात भूक मरते, झोप उडते, माणूस सगळ्याला कंटाळतो, पण तहान काही कंटाळत नाही. दिवसाला अर्धा लिटर, त्यातच चहा, त्यातच वरण. धनराज लिंबाची फोड चोखायचा. बापूजी म्हणायचे, "सारा जनम कमरीएवढ्या पान्यात उभा राह्यलो, अन आता घोटघोट मोजून पेतो." एकदा असंच बोलणं निघालं आणि धनराजला शाळेत असताना वाचलेली एक गोष्ट आठवली.

ती खूप जुनी, खूप मोठी गोष्ट होती. परदेशातल्या कोणी लिहिलेली, सहा खंडांची, मराठीत 'जळग्रह' या नावाने आलेली. पृथ्वी राहण्यालायक उरली नाही म्हणून माणसं आकाशातून दुसऱ्या एका ग्रहावर जातात. तो ग्रह सगळा पाण्याचा. पाय टेकायला कुठे वीतभर जमीन नाही. माणसं तराफ्यांवर गावं वसवतात, पिढ्या जातात, भांडणं होतात, आणि तिसऱ्या खंडाच्या शेवटी तावी नावाची म्हातारी वाटाडी सात जहाजं घेऊन जमीन शोधायला निघते. खाणीच्या कॉलनीच्या वाचनालयात तेवढेच तीन खंड होते. चौथा कधी आलाच नाही. शाळकरी धनराजने ग्रंथपालाला इतकं विचारलं, की शेवटी तो धनराज दिसला की दुसरीकडे पाहू लागला.

तेच तीन खंड त्याने पुन्हा कपाटातून काढवून आणले आणि खाटेवर पडल्या पडल्या बापूजींना वाचून दाखवले. वाचायला दीडेक वर्ष लागलं, कारण बापूजी प्रश्न फार विचारायचे. जाळं कशाचं विणतात तिथले लोक? मेलेल्याला जाळतात कुठी? तावी त्यांना पहिल्यापासून आवडली. ती कमी बोलायची आणि पाण्याकडे पाहून वारा सांगायची. बापूजी तिला 'आपली तावी' म्हणायचे. मग धनराजची मुलगी रोशनी नर्सिंग शिकायला नागपूरला गेली आणि गेल्या आठवड्यात सीताबर्डीच्या फुटपाथवर तिला हा चौथा खंड सापडला.

भाग्यश्रीने बीपीचा पट्टा सोडला. धनराजने पहिलं पान काढून वाचायला सुरुवात केली.

"तावीची सात जहाजं क्षितिजाआड गेली, त्याला तीनशे वर्षं लोटली होती."

तो थांबला. पुढच्या ओळीवर नजर फिरवली, त्याच्या पुढच्या.

"वाच ना," बापूजी म्हणाले.

"थोरल्या तराफ्यावरच्या शाळेत आता मुलांना शिकवत असत, की तावी नावाची कोणी स्त्री बहुधा झालीच नाही. संकटाच्या काळात लोकांना अशा कथा लागतात."

मशीनचा पंप गरगरत होता. बापूजी छताकडे पाहत होते.

"म्हंजे मेली?"

"तीनशे वर्स झाले बापूजी. सारेच मेले असन."

"थो लंगडा सुतार?"

"हाव."

"अन तिच्या संग गेल्ती थे गरवार बाई?"

"सारे."

बापूजींनी मान पुस्तकाकडे वळवली. मग म्हणाले, "जमीन भेटली का तिले?"

"पुढं येईन ना. वाचतो."

"आज राहू दे."

धनराजने पुस्तक मिटलं. त्याला त्या लेखकाचा असा राग आला, की हातातली सुई दुखायला लागली. तीस-पस्तीस वर्षं त्याने या माणसांची वाट पाहिली होती. ती जहाजं, ती सगळी माणसं कुठेतरी अजून चाललेली आहेत, असं त्याने मनात धरून ठेवलं होतं. आणि याने एका ओळीत सगळ्यांना मारून टाकलं होतं, तेही मेले असं न लिहिता. जग मागे सुरू राहिलं होतं. शाळा होत्या, मुलं होती. कोणाचं काही अडलं नव्हतं.

त्याच आठवड्यात सूरज आला.

सूरज धनराजचा धाकटा भाऊ, गावी कापूस-सोयाबीन करायचा. त्याची किडनी धनराजला जुळली होती. तपासण्या झाल्या होत्या, कागद झाले होते, पोळ्यानंतर नागपूरला ऑपरेशन ठरलं होतं. सूरज क्वार्टरच्या पुढच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसला आणि चप्पल पायातच ठेवली, तेव्हाच धनराजला समजलं. तरी त्याने विचारलं, "सोयाबीन कसं हाये?"

"बरं हाये."

"मयुरी?"

सूरजने मान खाली घातली. मयुरी त्याची बायको, तिला पाचवा महिना होता. "भाऊ, तिचे पाय धरले मी. तिनं माह्ये धरले. ती म्हंते, उद्या तुमाले काई झालं तं मी हे लेकरू घेऊन कोनाच्या दारात जाऊ. मी तिले लय समजावलं. मंग..." तो थांबला. "मंग मलेच भेव वाटाले लागलं भाऊ. खोटं नाई बोलत. तिचं नाव सांगतो मी, पन भेव माह्यंच हाये."

धनराज त्याच्याकडे पाहत राहिला. सूरज लहान असताना त्याला खांद्यावर बसवून यात्रेला नेलं होतं. आता त्याच्या कानाजवळ केस पिकायला लागले होते.

"चहा घे," धनराज म्हणाला.

"नाई घेत."

"घे म्हनतो ना. जया, चहा ठेव याच्यासाठी."

सूरजने चहा घेतला, उभ्या उभ्याच, बशीत न ओतता. जाताना तो धनराजच्या पाया पडायला वाकला, तेव्हा धनराजने पाय मागे घेतले. तसं करायचं त्याच्या मनात नव्हतं. पाय आपोआप मागे गेले. सूरज तसाच वाकलेला क्षणभर राहिला, मग निघून गेला.

जया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिची स्वतःची किडनी जुळली नव्हती आणि रोशनीचा विषय धनराजने घरात कोणाला काढू दिला नव्हता. "त्याले काई बोलू नको," तो म्हणाला. मग तो उठला, तिच्या बाजूने आत गेला, माठावरचा पेला घेतला आणि भरून पाणी प्यायला. दुसरा पेला भरला. दर घोटाला वाटत होतं, जया आता हात धरेल. तिने धरला नाही. तिसऱ्या पेल्याला तीच तोंड फिरवून मागच्या अंगणात गेली.

पाळीच्या दिवशी तो बिछान्यावरून उठला नाही.

"बस जाईन ना," जया म्हणाली.

"जाऊ दे."

"काऊन?"

"पुस्तक वाचून राह्यलो."

तिला वाटलं, एक पाळी चुकली तर चुकली, मनाचा भार थोडा उतरू द्यावा. दुसऱ्या पाळीलाही तो गेला नाही, तेव्हा तिच्या लक्षात आलं की हा माणूस रागावलेला नाही. याने ठरवलं आहे. तिने रोशनीला फोन लावते म्हटलं. धनराज म्हणाला, "लाव. ती परीक्षा सोडून येईन. तुले तसं पायजे असन तं लाव." जयाने फोन खाली ठेवला आणि भिंतीला टेकून बसली.

तोपर्यंत धनराजचा चेहरा सुजला होता. आडवं झालं की छातीत पाणी चढायचं, म्हणून तो टेबलावर उशी ठेवून, तिच्यावर कोपरं टेकून, पुढे झुकून वाचत होता. चौथ्या खंडात नेरा नावाची मुलगी होती. शाळेत शिकवलेलं तिला पटत नव्हतं, आणि ती तावीचा माग काढत एका तराफ्यावरून दुसऱ्यावर हिंडत होती. धनराजला नेराशी काही घेणंदेणं नव्हतं. ती कुठे प्रेमात पडली, कुठे तुरुंगात गेली, ती पानं त्याने भराभर उलटली. त्याला एकच पाहायचं होतं. तावीला जमीन मिळाली का? मिळाली असेल तर ठीक. मग बाकी काही नको.

शेवटच्या पानांत नेरा पार टोकाच्या एका मासेमारांच्या वस्तीवर पोचते. तिथले लोक पाण्याची खोली मोजायला गाठी मारलेली एक लांब दोरी सोडतात. त्या दोरीला ते तावी म्हणतात. "तावी सोड," "तावी ओढ," असं दिवसभर चाललेलं असतं. नेरा विचारते, हे नाव कुठून आलं? ते हसतात. दोरीला दोरीचंच नाव असणार, दुसरं कशाचं असेल? नेरा त्यांच्या होडीत बसते, एक पोरगा पाण्यात दोरी सोडतो, आणि खंड तिथेच संपतो.

धनराजने मागचं कोरं पान उलटून पाहिलं. त्याच्यामागे नुसता पुठ्ठा होता.

"एवढंच?" तो म्हणाला. दम लागल्यामुळे शब्द नीट बाहेर आला नाही. जया जवळ आली, पदराने त्याचं तोंड पुसू लागली. त्याला श्वास पुरत नव्हता. बुडणाऱ्या माणसासारखं त्याचं तोंड उघडं होतं. पुस्तक संपलं की आपण शांत होऊ, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. जे वाचलं ते छातीत पाण्यासारखंच चढून बसलं होतं आणि सांगायला कोणी नव्हतं. जयाला तावी ठाऊक नव्हती. जगात एकाच माणसाला ठाऊक होती.

"चाल," तो म्हणाला.

"कुठी?"

"चंद्रपूरले. बापूजीले सांगा लागते."

जया धावतच शेजारी गेली. शेजारच्या चंदनने गाडी काढली. पूल ओलांडताना धनराजने खिडकीतून खाली नदीकडे पाहिलं नाही.

भाग्यश्रीने त्याच्या नाकाला ऑक्सिजन लावला, सुया टोचल्या, मशीन सुरू केलं आणि बराच वेळ त्याच्या खाटेजवळ उभी राहिली. श्वास थोडा खाली बसला तेव्हा म्हणाली, "पुन्हा असं करायचं असन तर माह्या ड्युटीत नका येऊ भाऊ. मले पाहवत नाही."

धनराजने शेजारच्या खाटेकडे पाहिलं. तिथे दुसरंच कोणी निजलं होतं.

"बापूजीची पाळी आज नाई काय?"

भाग्यश्रीने नळीवरची चिकटपट्टी उगाच दाबली. "तुम्ही पहिल्यांदा नाही आले त्या पाळीले ते आले होते. तुमची खाट रिकामी पाहिली. मी म्हटलं, आले नाहीत, येतील. पण इथे खाट रिकामी दिसली की पेशंट जे समजायचं ते समजतात. तुम्हाले माहीत आहे. त्यानंतर ते आलेच नाहीत. आज डोमाचा फोन आला होता. म्हणे, बापू ऐकतच नाही, आता येणार नाही म्हणते."

 आपल्या मरणावर आपला एकट्याचा हक्क आहे, असं धनराजने धरलं होतं.

अंगात थोडा जीव आल्यावर, मधल्या मोकळ्या दिवशी, तो चांदा फोर्टहून गाडीने सिंदेवाहीला उतरला. जया सोबत येते म्हणत होती, त्याने येऊ दिलं नाही. पिशवीत चौथा खंड होता. स्टेशनवर डोमा मोटारसायकल घेऊन आला. तो पस्तिशीचा, बापासारखाच काळासावळा आणि अबोल. सागाच्या जंगलातून रस्ता होता. "चार वाजाच्या आंत निंगा लागन भाऊ," डोमा म्हणाला. "या आंगाले वाघ हाये."  गाव आलं तेव्हा मान न वळवता म्हणाला, "तुमचं आयकन तं आयकन. माह्यं तं आयकत नाई."

अंगणात मांडवाखाली बाज टाकलेली होती. बापूजी तिच्यावर उशांना टेकून बसले होते. तोंड सुजलेलं, हातांची कातडी ताणून चकाकत होती. बाजेवरून समोर तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, दिसत होती. धनराजला पाहून त्यांनी डोळे बारीक केले.

"जिता हायेस तू."

"हाव."

"मले वाटलं गेला."

"म्हून सोडलं काय तुमी?" धनराजने बाजेच्या काठावर बसत विचारलं. प्रवासभर तो हेच घोकत आला होता. "माह्यी चूक झाली बापूजी. मी घरी पडून होतो. आता आलो ना. उद्या पाळी हाये, माह्या संगच चाला."

"तू आपल्या डोक्सावर नको घेऊ," बापूजी सावकाश म्हणाले. "मले सोडाचंच होतं. तू होता म्हून दोन वर्स येत होतो."

"मंग मी हाये ना अजून."

"हायेस. बरं वाटलं पाहून." त्यांनी दम घेतला. "पन मी थकलो गा. हा डोमा दोन वर्स झाले माह्या मांगं मांगं फिरून राह्यला. तराव दुसऱ्यानं घेतला ठेक्यानं. याच्या लेकरायचं तोंड याले दिसत नाई."

"बापू, मी कधी म्हनलं काय?" डोमा मांडवाच्या खांबाजवळून म्हणाला.

"तू नाई म्हनला. तू कायले म्हनशीन."

डोमा तिथून उठून तलावाच्या पाळीकडे गेला. जे आत होतं तेच आता धनराजच्या तोंडून बाहेर आलं. "बापूजी, मी एकटा कसा लेटू तिथी? चार घंटे. मले नाई होत."

"दुसरा येईन ना त्या खाटीवर."

"मले दुसरा नाई पायजे."

बापूजींनी सुजलेला हात उचलून धनराजच्या डाव्या हातावर ठेवला. दर पाळीच्या सुयांनी तिथली शीर दोरखंडासारखी फुगली होती. तिच्यावर ते थोडा वेळ बोटं ठेवून राहिले. आत रक्त थरथरत होतं.

बापूजींची बायको सुगंधाबाई पितळी तांब्यात पाणी घेऊन बाहेर आली. पाहुण्याला आधी पाणी द्यायचं म्हणून तिने तांब्या धनराजपुढे धरला आणि मग तिला आठवलं. तिचा हात अर्धवट थांबला. धनराजने तांब्या घेतला, ओठ ओले केले आणि परत दिला. बापूजींनी तो तिच्या हातातून मागून घेतला. त्यांनी घाई केली नाही. तांब्या दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, ते पीत राहिले. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळत होतं. मध्ये एकदा श्वास घ्यायला थांबले आणि पुन्हा प्यायले. रिकामा तांब्या मांडीवर ठेवून ते म्हणाले, "आपल्या इहिरीचं हाये."

धनराजने दुसरीकडे पाहिलं. 

"आता सांग," बापूजी म्हणाले. "जमीन भेटली का तिले?"

गाडीत बसल्यापासून धनराजने याचं उत्तर दोनदा ठरवलं आणि दोनदा मोडलं होतं. हो म्हणणं सोपं होतं. बापूजींना वाचता येत नव्हतं, पाचवा खंड त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हता. हिरवं बेट सांगता आलं असतं, झाडं सांगता आली असती. सुगंधाबाईसुद्धा खाली जमिनीवर बसून ऐकू लागली होती.

"लिवलं नाई," तो म्हणाला. "सारं पुस्तक वाचलं मी. कोनालेच मालूम नाई. थे एका दोरीचं नाव रायते नुसतं."

"कोनत्या दोरीचं?"

त्याने पिशवीतून पुस्तक काढलं आणि शेवटची पानं वाचून दाखवली. मासेमारांची वस्ती, गाठींची दोरी, तावी सोड, तावी ओढ. बापूजी ऐकत होते. मध्येच त्यांचे डोळे मिटायचे, मग ते पुन्हा उघडायचे. वाचून झालं तेव्हा अंगणातली कोंबडी धनराजच्या पायाजवळून चालत गेली.

"तिले ते मालूम नसन," बापूजी म्हणाले. "आपलं नाव दोरीले ठेवलं म्हून."

"कसं मालूम असन? मेली होती ना."

"रोज सोडतेत पान्यात?"

"रोज."

"बरं हाये," बापूजी म्हणाले आणि हसले. हसताना त्यांना खोकला आला आणि सुगंधाबाईने उठून त्यांची पाठ चोळली.

"पाचवा खंड रोशनी शोधून राह्यली," धनराज म्हणाला. त्याला अजून आशा सोडवत नव्हती. "भेटला की घेऊन येतो."

"तू वाचजो."

"अन तुमाले कसं समजन पुढं काय झालं थे?"

"मले काऊन समजा लागते?" बापूजी म्हणाले. त्यात तुसडेपणा नव्हता. त्यांना खरंच नवल वाटल्यासारखं दिसलं. थोड्या वेळाने ते तसेच उशीवर कलून झोपी गेले. त्यांचा श्वास मोठा आणि ओला येत होता. धनराज ते ऐकत बसला. तलावाच्या पाळीवरून डोमाने हात केला. चार वाजत आले होते. निघताना सुगंधाबाईने पळसाच्या पानात बांधलेली एक पुडी त्याच्या पिशवीत टाकली. "सुके मासे हायेत भाऊ. त्याईनंच धरले होते, मांगं. तुमाले चालत नाईत, मालूम हाये मले. घरी न्या."

जयाने ती पुडी पाहिली, वास घेतला आणि काही न विचारता फडताळात सगळ्यात वर ठेवून दिली.

डोमाचा फोन आला तेव्हा धनराज मशीनवर होता. फोन भाग्यश्रीने त्याच्या कानाला धरला. बापू काल सकाळी गेले, डोमा म्हणाला, तलावाच्या पाळीच्या खालतीच नेलं. आवाज कोरडा होता. धनराज म्हणाला, "जेवून घेजो बाबा." मशीन मध्येच थांबवता येत नव्हतं. उरलेला वेळ तो तसाच पडून राहिला. शेजारच्या खाटेवरचा नवा माणूस मोबाईलवर काहीतरी पाहत होता.

घरी आल्यावर तो पाय धुवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला.

"जया, थे मासे काढ."

"तुमाले चालत नाईत ना."

"तुह्यासाठी कर. तिखट-मीठ टाकून कर."

"मले नाई आवडत आता."

धनराज तिच्याकडे पाहत राहिला. चार वर्षांपासून या घरात एकच भाजी होत होती. आधी पाण्यात उकळून, ते पाणी फेकून, मग बिनमिठाची फोडणी दिलेली. तो जे खायचा तेच ती खायची. तिने स्वतःसाठी कधी वेगळं काही केलं नव्हतं आणि त्यानेही कधी विचारलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा हीच जया मिरचीच्या ठेच्यावर दोन भाकरी खायची.

"आवडत नाई म्हनू नको," तो म्हणाला. "कर."

तिने तव्यावर मासे भाजले. लसूण, मिरची ठेचून कालवण केलं. ठसक्याने तिला शिंका आल्या, डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पदराने टिपलं. घरभर वास पसरला. धनराजच्या तोंडाला कधीचं न सुटलेलं पाणी सुटलं, ते त्याने गिळलं. जयाने ताटात भात वाढला, वर कालवण घेतलं आणि त्याच्याकडे पाठ करून भिंतीशी बसली.

पहिले घास तिने अगदी सावकाश घेतले. मग तिचा हात भरभर चालायला लागला. पाठीवरचा पदर सरकला, तो तिने सावरला नाही. बोटं चाटल्याचा आवाज आला आणि ती थबकली, मागे कोणी आहे हे आठवल्यासारखी. ताटात काही उरलं नव्हतं. ती भाताच्या पातेल्याकडे पाहत तशीच बसून राहिली.

धनराजने हात लांब करून पिशवीतलं पुस्तक काढलं, मधलंच एक पान उघडलं आणि त्यात मान खाली घातली. जयाने वळून एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग ती उठली आणि तिने पुन्हा भात वाढून घेतला.